कागदावर ‘ग्रँट’ लिहिलंय म्हणून ती ग्रँट होत नाही

विचारणाऱ्या बाई एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या हातात एकाच महिन्यात तीन कागद आलेत. पहिला एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन अनुदान देणाऱ्या संस्थेची सँक्शन ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा आदेश, तीन वर्षं, २८ लाख. दुसरं जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीचं पत्र: आमच्या फॉर्म्युलेशनची स्थिरता तपासून द्या, ६ लाख देतो, सोबत दोन पानी एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, सही करून पाठवा. तिसरी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या सहकाऱ्याची ईमेल: एनआयएच या इथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या आमच्या प्रकल्पातून सह्याद्रीतल्या वनस्पतींच्या अर्कांच्या कामासाठी तुमच्या कॉलेजला ४० हजार डॉलरचा सबअवॉर्ड, म्हणजे उपअनुदान, देऊ. तिन्हींत कुठे ना कुठे ‘ग्रँट’ हा शब्द आहे. हेडक्लार्क म्हणतात, तिन्ही ग्रँटच ना, मग एकाच खात्यात घेऊ. प्राचार्य म्हणतात, पीआय, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधक, तुम्ही, सही तुम्हीच करा. बाईंचा प्रश्न: यांतला फरक काय, आणि सही कुणाची?

मॅडम, अभिनंदन आधी. आता वाईट बातमी: तुमचे हेडक्लार्क आणि प्राचार्य दोघंही चुकतायत. दोष त्यांचा नाही, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. मी एका राज्य विद्यापीठाच्या लेखा विभागात होतो, नंतर सतरा वर्षं प्रायोजित संशोधन कक्षात. या काळात जेवढे प्रकल्प अडकलेले पाहिले त्यातले फार थोडे विज्ञानामुळे अडकले. बाकीचे पहिल्या आठवड्यात चुकीच्या फाइलला लागल्यामुळे.

कागदावरचं नाव बाजूला ठेवा आणि एकच विचारा: पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार? त्याला फक्त अहवाल आणि हिशेब हवा असेल, काम सगळ्यांच्या उपयोगाचं असेल आणि निकाल ‘नाही’ आला तरी त्याची तक्रार नसेल, तर ते अनुदान. ठरलेली वस्तू ठरलेल्या तारखेला हवी असेल आणि ती त्याच्या मालकीची होणार असेल, तर ते कंत्राट. मग त्याला टेस्टिंग म्हणा, कन्सल्टन्सी म्हणा, नाहीतर ‘इंडस्ट्री ग्रँट’ म्हणा. बदल्यात काहीच नको असेल तर देणगी. यांच्यामध्ये एक करडा पट्टा आहे: कंपनी खऱ्या अर्थाने संशोधनाला पैसे देते, निष्कर्ष काय येईल ते कुणालाच माहीत नसतं, पण आलाच तर त्यावर पहिला हक्क आपला असावा अशी तिची इच्छा असते. याला प्रायोजित संशोधन म्हणतात आणि सगळ्यात जास्त घासाघीस इथेच होते.

हा माझा पदरचा शोध नव्हे. अमेरिकेच्या संघीय अनुदान नियमांत सबअवॉर्ड आणि कंत्राट यांतला फरक सांगताना स्पष्ट म्हटलंय की कराराच्या रूपापेक्षा नात्याचा आशय महत्त्वाचा. तिकडे १९७७ च्या कायद्यापासून अनुदान, सहकार्य करार आणि कंत्राट असे तीन कप्पे केलेले आहेत. देणारी संस्था कामात स्वतः बराच हात घालणार असेल तर अनुदानाऐवजी सहकार्य करार. आपल्याकडे इतकी नीट विभागणी नाही, म्हणून डोकं आपल्यालाच लावावं लागतं.

सहीचं आधी उरकतो. तिन्ही कागदांत करार करणारा पक्ष तुम्ही नाही, संस्था आहे. आणि महाराष्ट्रात ‘संस्था’ म्हणजे कोण हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तुमचं महाविद्यालय बहुधा एखाद्या शिक्षण संस्थेने चालवलेलं असणार, ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार, आणि कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे ती संस्था, महाविद्यालय नव्हे. त्यामुळे प्राचार्यांना सही करायची असेल तरी नियामक मंडळाचा तसा ठराव लागतो. हा एक पानाचा ठराव एकदाच करून घ्या: अमुक रकमेपर्यंतच्या संशोधन करारांवर प्राचार्य सही करतील, त्यावर सचिव. तुमची सही ‘वाचलं आणि समजलं’ या अर्थाने खाली असावी. असावीच, कारण अटी शेवटी तुम्हालाच पाळायच्या आहेत.

आता पहिला कागद. एएनआरएफ म्हणजे २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. जुन्या सर्बची, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्डाची, जागा याने घेतली, पण कॅन्टीनमध्ये अजून ‘सर्बचा प्रोजेक्ट’च म्हणतात. हे तिघांतलं सगळ्यात सरळ प्रकरण आहे. निकाल काय लागेल याची हमी तुमच्याकडून कुणी मागत नाही. मागतात ती हिशेबाची शिस्त, आणि ती मात्र कडक असते, कारण यामागे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, म्हणजे जीएफआर २०१७, उभे आहेत.

सँक्शन ऑर्डरमधला एकूण आकडा विसरा, तक्ता बघा. उपकरणांचे पैसे अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा खर्च. मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, किरकोळ हे आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा. आणि वेगळ्या ओळीत ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या अप्रत्यक्ष खर्चाचे पैसे. एका हेडमधले, म्हणजे खर्चाच्या एका शीर्षाखालचे, पैसे दुसऱ्यात मनाने वळवता येत नाहीत. नेहमी घडणारी गोष्ट सांगतो. जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, महिना ३७,००० आणि वर घरभाडं धरलेलं असतं. पाच महिन्यांनी मुलाला नोकरी लागते, तो जातो. हेडमध्ये पैसे पडून आहेत आणि सॉल्व्हंट तर संपलेत. पीआय बिचारा सद्हेतूने रसायनं मागवतो. खर्च खरा, बिल खरं, रसायनं कपाटात दिसतायत, तरीही ऑडिटर तो खर्च अमान्य करतो, कारण आधी परवानगी नव्हती. एक ईमेल टाकून परवानगी मागितली असती तर बहुतेक वेळा मिळाली असती.

खात्याचा मुद्दा तुमच्या हेडक्लार्कसाठी. बऱ्याच केंद्रीय योजनांत आता पैसे आगाऊ तुमच्या खात्यात येऊन पडतच नाहीत. शून्य शिल्लक उपखातं असतं, पीएफएमएस या केंद्राच्या निधी व्यवस्थापन पोर्टलवर खर्चाची मर्यादा दिसते आणि बिल अदा करताना तेवढीच रक्कम उचलली जाते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा साधारणपणे संपते, पुढच्या वर्षी नव्याने मागायची. म्हणजे ‘मार्च एंडला एफडी करून ठेवू’ हा जुना मार्ग बंद. ज्या योजनांत अजून रक्कम खात्यात जमा होते तिथे प्रकल्पाचं खातं वेगळं हवं, कारण अनुदानावरचं व्याज तुमचं नसतं. ते हिशेब पक्का झाला की भारत सरकारच्या संचित निधीत भरावं लागतं.

हे मी एकदा अंगावर घेतलंय. एका महाविद्यालयाने प्रकल्पाचे १२ लाख फीच्या जनरल सेव्हिंग खात्यात घेतले होते. दुसरा हप्ता अडला, का तर यूसीमध्ये, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रात, व्याजाची ओळ शून्य. आता त्या खात्यात परीक्षा फी, जिमखाना, लायब्ररी डिपॉझिट सगळं एकत्र. आम्ही तिघं दोन दिवस पासबुकाच्या झेरॉक्स पसरून बसलो, रोजच्या शिल्लकेत प्रकल्पाचा वाटा किती ते पेन्सिलने समासात लिहीत. शेवटी अकरा हजार चारशे आणि काही रुपये निघाले, ते भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरले, चलन जोडलं. त्या अकरा हजारांसाठी हप्ता सात महिने थांबला होता, आणि फेलो मुलगी तेवढे महिने बिनपगारी काम करत होती.

यूसी तुमच्यासाठी फॉर्म जीएफआर १२-ए. त्यात मागची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज, खर्च आणि उरलेली शिल्लक अशी साखळी जुळावी लागते. गेल्या वर्षाचा शेवटचा आकडा हाच या वर्षाचा पहिला. २८ मार्चला ऑर्डर दिलेलं पण न आलेलं उपकरण हा खर्च नव्हे, तो फक्त बांधलेला खर्च. तो वेगळा दाखवा. खरेदीबाबत एक सावधगिरी: २०२५ च्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक खरेदीला सवलती दिल्या, जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या बाहेरून घेण्याचे अधिकार कुलगुरू आणि संचालकांना दिले. बातमी वाचून बरेच प्राचार्य खूश झाले. पण आदेशात प्राचार्य हा शब्द कुठे आहे ते शोधल्याशिवाय त्यावर विसंबून ऑर्डर काढू नका. आणि त्या पैशातून घेतलेलं उपकरण जडवस्तू नोंदवहीत चढवा. मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीवाचून ते विकता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही.

ओव्हरहेडवर दोन शब्द, कारण त्यावरून घरोघरी भांडणं आहेत. पीआयला वाटतं ही संस्थेची दलाली, संस्थाचालकांना वाटतं हा आपला नफा. दोन्ही चूक. तुमच्या प्रयोगशाळेची वीज, लेखनिकाचा वेळ, ऑडिटची फी या पैशातून निघायची असते. आपल्याकडे तो बहुतेक योजनांत दहा टक्क्यांच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांचा वाटाघाटीने ठरलेला दर पन्नास टक्क्यांवर असतो, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचने तो १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं तर प्रकरण थेट कोर्टात गेलं. माझं मत विचाराल तर आपले दहा टक्के फारच कमी आहेत, पण ते या उत्तराचं काम नाही.

दुसरा कागद, कंपनीचा. फॉर्म्युलेशन त्यांचं, निकष त्यांचे, अहवाल त्यांना. ही ग्रँट नव्हे, सेवा आहे. फरक पहिल्यांदा कळतो जीएसटीत. २०२४ मध्ये संशोधन अनुदानांवरच्या जीएसटीच्या नोटिसा गेल्या, गदारोळ झाला, मग सप्टेंबरातल्या जीएसटी परिषदेच्या ५४ व्या बैठकीत ठरून १० ऑक्टोबर २०२४ पासून सूट आली. पण ती सूट सरकारी वा खासगी अनुदानातून केलेल्या संशोधनाला, आणि तीही सरकारी आस्थापना किंवा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठ-महाविद्यालयांना. कंपनीच्या मालाची तपासणी त्यात बसत नाही. १८ टक्के धरून चाला.

इथे तुमचे हेडक्लार्क म्हणतील, नोंदणीची मर्यादा २० लाख, आपलं काम ६ लाखांचं. हा युक्तिवाद मी किमान दहा वेळा ऐकलाय. मर्यादा मोजताना एकूण उलाढाल धरतात आणि त्यात करमुक्त सेवा, म्हणजे तुमची फीसुद्धा, येते. निव्वळ करमुक्त काम करणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण एक करपात्र काम घेतलं की गणित बदलतं. संस्थेच्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाने आधीच नोंदणी केलेली असण्याचीही शक्यता आहे. पॅन एकच असतो. सीएला आधी विचारा, दर नंतर कळवा. ६ लाख ‘करासहित’ लिहून बसलात तर कर तुमच्या खिशातून.

याच कामाबद्दल, तुम्ही लिहिलंय तसं, कंपनीच्या एचआरने फोनवर ‘हे आम्ही सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवू’ असंही म्हटलंय. गोड बोलून नाही म्हणा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधनासाठी सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि संस्थांना दिलेलं योगदान सीएसआरमध्ये धरता येतं, हे खरं. पण स्वतःच्या धंद्याच्या नेहमीच्या कामाचा खर्च सीएसआर होत नाही. स्वतःच्या मालाचा रिपोर्ट हवा आणि वर समाजसेवेचं पुण्यही हवं, हे दोन्ही एका चेकमध्ये बसत नाही.

मग एनडीए. तुम्ही त्याचा फोटो पाठवला नाहीत, पण दोन पानी म्हणजे नमुना मला अंदाजाने पाठ आहे. त्यात तीन जागा शोधा. गोपनीय माहिती म्हणजे काय: त्यांनी ‘गोपनीय’ शिक्का मारून दिलेली तेवढीच, की ‘प्रकल्पाशी संबंधित सर्व’? दुसरं असेल तर तुमचं स्वतःचं आधीचं कामही त्यात अडकेल. मुदत किती: तीन ते पाच वर्षं ठीक, ‘कायमस्वरूपी’ खोडा. आणि प्रकाशनाची परवानगी. कंपनीला मसुदा आधी दाखवणं, पेटंट अर्जासाठी साठ-नव्वद दिवस थांबणं, हे रास्त आहे. पेटंटच्या आधी पेपर आला तर नावीन्य जातं, तेव्हा त्यांची भीती खोटी नाही. पण ‘लेखी परवानगीशिवाय प्रकाशन नाही’ एवढं एकच वाक्य असेल तर तो नकाराधिकार आहे.

त्या एका वाक्याची किंमत मी बघितलीय. एका प्राध्यापकांनी स्वतःच्या लेटरहेडवर सात ओळींचं पत्र सही करून दिलं होतं, विभागप्रमुखांनाही पत्ता नव्हता. काम विद्यार्थ्याच्या पीएचडीत गेलं. प्रबंध सादर करायची वेळ आली तेव्हा कंपनीतले ते साहेब नोकरी सोडून गेलेले, नवे साहेब फाइल वाचायला तयार नाहीत, आणि परवानगी द्यायची कुणी हे कुणालाच ठाऊक नाही. मुलाचे चौदा महिने गेले. तेव्हापासून मी प्रत्येक करारात एक ओळ घालायला लावतो: विद्यार्थ्याचा प्रबंध आणि तोंडी परीक्षा यांना हा करार आड येणार नाही, गोपनीय भाग परिशिष्टात वेगळा ठेवता येईल. आजवर एकाही शहाण्या कंपनीने या ओळीला हरकत घेतलेली नाही. त्याहून बरं म्हणजे अशा तपासणीच्या कामावर पीएचडीचा विद्यार्थी लावूच नका. प्रकल्प सहायक नेमा, त्याचा पगार दरात धरा.

पैशाच्या वाटणीतही फरक पडतो. एएनआरएफसारख्या अनुदानातून तुम्हाला स्वतःला मानधन नसतं. कन्सल्टन्सीत संस्थेच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाचा वाटा असतो. तुमच्या संस्थेत असा नियमच नसेल तर काम घेण्याआधी तो करून घ्या, नंतर मागितलात तर हावरट दिसाल.

तर कागद पहिला म्हणजे अनुदान, दुसरा म्हणजे सेवा. एकाचा हिशेब दिल्लीला, दुसऱ्याचं बिल कंपनीला, आणि दोघांची खाती वेगळी. अधेमधे येणारे दोन प्रकार जाता जाता सांगतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती ही विद्यार्थ्याची असते, तिच्यावर तुमच्या प्रकल्पाचा हक्क नाही. आणि एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, म्हणजे पैसे नव्हेत. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलसाठी पुष्पगुच्छासह फोटो काढून केलेले एमओयू मी गठ्ठ्याने पाहिलेत. त्यातल्या एकाच्याही जोरावर कुणी रुपया मागू शकत नाही.

तिसरा कागद सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात जोखमीचा. सबअवॉर्ड म्हणजे मूळ अनुदान अमेरिकन विद्यापीठाला, त्यातला कामाचा एक तुकडा तुम्हाला, आणि मूळ अनुदानाच्या अटी पाण्यासारख्या खाली झिरपत तुमच्यापर्यंत. सहकाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की ही योजना आज चालू आहे का. १ मे २०२५ ला एनआयएचने जाहीर केलं की नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी सबअवॉर्ड असलेली नवी वा नूतनीकरणाची अनुदानं देणार नाही. त्यामुळे ‘देऊ’ हे त्यांनी कुठल्या आधारावर लिहिलं ते त्यांच्या संशोधन कार्यालयाकडून लेखी येऊ द्या. प्राध्यापक मित्राची ईमेल पुरत नाही. एनआयएचची परदेशी संस्थांसाठीची दुसरी अटही आहे: प्रयोगवह्या आणि मूळ डेटा वर्षातून किमान एकदा मुख्य संस्थेला बघायला खुला करायचा. तुमच्या वह्या त्या लायकीच्या आहेत का ते तुम्हीच जाणता.

शिवाय असे पैसे सहसा आगाऊ मिळत नाहीत. आधी तुम्ही खर्च करायचा, तिमाही बिल पाठवायचं, मग परतफेड. ४० हजार डॉलरच्या कामात काही लाख रुपये संस्थेने मधल्या काळात घालायचे आहेत. संस्थाचालकांना हे आज सांगा, सही झाल्यावर नको.

आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानावरचा कायदा. इथे तुमचं प्रकरण विद्यापीठापेक्षा वेगळं पडतं. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅग किंवा सरकारी यंत्रणेकडून सक्तीने लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना यातून सूट आहे, खासगी न्यासाच्या महाविद्यालयाला ती आपोआप नाही. तुमच्या संस्थेकडे नोंदणी हवी किंवा या एका देणाऱ्यासाठी, या एका रकमेसाठी पूर्वपरवानगी. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरू शकतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेले पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत, म्हणजे ‘त्या नोंदणीवाल्या संस्थेच्या नावाने घेऊ आणि वळवू’ हा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. ‘ही सेवेची फी आहे, योगदान नाही’ असं दाखवायचा मोहही होईल, कारण धंद्याच्या ओघातली फी कायद्याने वगळलेली आहे. पण कागदावर सबअवॉर्ड आणि बँकेला फी, असं दोन तोंडांनी बोलता येत नाही.

वनस्पतींचे अर्क परदेशी पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचा विषय येतो, नमुन्यांसाठी वेगळा साहित्य हस्तांतरण करार लागतो, आणि काम मानवी आरोग्याशी जोडलेलं असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागू शकतं. हे सगळं बघता पहिल्या वर्षी पैशाविना सहकार्य करा असं मी सुचवेन: अर्क इथेच तयार होतील, तपासणी इथेच होईल, निष्कर्ष एकत्र छापा, सहकाऱ्याने महिनाभर येऊन राहावं त्याच्या पैशाने. दरम्यान पूर्वपरवानगीचा अर्ज चालू ठेवा.

तेव्हा क्रम असा लावा. एएनआरएफच्या अटी ठरावासह स्वीकारा, त्याला मुदत असते. कंपनीला कळवा की एनडीए संस्थेकडून सुधारून येईल आणि दर जीएसटी वगळून सांगू. अमेरिकेला आभाराची ईमेल आणि वरचे प्रश्न. आणि तो एनडीए सही करायच्या आधी नावं झाकून इथे टाका, तिसऱ्या कलमाच्या आसपास काय लिहिलंय ते मला बघायचंय.